दहावीचा अपठित उतारा: आकलन सुधारायचे तर नेमका सराव कसला करावा?

प्रश्न: दहावीतील मुलीची आई, सातारा

नमस्कार. माझी मुलगी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीत आहे. ‘कुमारभारती’तील धड्यांवरच्या उताऱ्यांत तिला चांगले गुण मिळतात, कारण धडे वर्गात शिकवून झालेले असतात आणि त्यांवरच्या कृती तिने अनेकदा सोडवलेल्या असतात. अपठित गद्य आले की मात्र ती गोंधळते. उत्तर उताऱ्यातच असते, ते तिला दाखवले की लगेच पटते, पण स्वतःहून सापडत नाही. इंग्रजीच्या पाठ्येतर उताऱ्यातही हेच होते आणि तिथे तर गुणही जास्त आहेत.

शिकवणीत तिला असे सांगितले आहे की आधी प्रश्न वाचावेत, प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात शोधावा, त्याखाली रेघ ओढावी आणि ते वाक्य उतरवून काढावे. या पद्धतीने वेळ वाचतो हे खरे, परंतु उत्तरे अर्धवट येतात. आमच्या ओळखीच्या एका पालकांचे म्हणणे असे, की मराठीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला ४ गुण आहेत, तेव्हा त्यामागे एवढे लागण्यात अर्थ नाही. मला ते पटत नाही, पण काय करावे हेही कळत नाही. रोज एक उतारा सोडवून घेतला तर उपयोग होईल का? आणि प्रश्न आधी वाचावेत की उतारा, याविषयी अनुभवी शिक्षकांचे काय मत आहे?

उत्तर: माध्यमिक शाळेतील मराठीचे शिक्षक

ताई, ४ गुणांचा हिशेब कागदावर बरोबर असला तरी तो फसवा आहे. त्याच कृतिपत्रिकेत पठित गद्याचे प्रत्येकी ७ गुणांचे दोन उतारे असतात, कवितेवर कृती असतात, आणि या सगळ्यांत आकलनाच्या कृती आहेतच. धडा ओळखीचा असल्यामुळे तिथे आकलनाची उणीव झाकली जाते, एवढेच. पठित उताऱ्यात आपली मुलगी उतारा वाचून उत्तर देते की वर्गात ऐकलेले आठवून देते, हे एकदा तपासून पाहावे. माझा अंदाज असा, की ती आठवून देते.

शिकवणीतील शब्द शोधण्याची युक्ती कुठे तोकडी पडते हे एका उदाहरणावरून पाहू. पुढील परिच्छेद मी वर्गात वापरण्यासाठी लिहिला आहे.

“लोणारच्या सरोवराचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. एवढ्या क्षारांत मासे जगू शकत नाहीत. सूक्ष्म जीवांना मात्र हेच पाणी मानवते. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचा नेहमीचा हिरवट रंग जाऊन पाणी गुलाबी दिसू लागले, तेव्हा त्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली आणि तर्कवितर्कांना ऊत आला. उन्हाळ्यातील बाष्पीभवनामुळे पाण्याची पातळी खालावली होती आणि क्षारांचे प्रमाण वाढले होते. अशा स्थितीत वाढणाऱ्या हॅलोआर्किया गटातील जीवांच्या पेशींत गुलाबी रंगद्रव्य असते. त्यांची संख्या वाढल्याचे पाण्याच्या नमुन्यांच्या तपासणीत आढळले.”

कृती अशी: सरोवराचे पाणी गुलाबी होण्याचे कारण लिहा. शब्द शोधणारा विद्यार्थी ‘पाणी गुलाबी’ हे शब्द असलेले चौथे वाक्य उतरवतो. त्यात घटना आहे, कारण नाही. थोडा सावध विद्यार्थी पुढच्या वाक्यातील ‘बाष्पीभवनामुळे’ हा शब्द पाहून तेवढेच लिहितो, कारण ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय कारण दाखवते हे त्याला शिकवलेले असते. तो अर्ध्या वाटेवर थांबतो. पूर्ण उत्तर तीन वाक्यांत विखुरलेले आहे: पातळी घटली, त्यामुळे क्षार वाढले, वाढलेले क्षार मानवणारे जीव फोफावले आणि त्यांच्यातील रंगद्रव्यामुळे पाण्याला रंग आला. या साखळीतील शेवटचे दोन दुवे ‘अशा स्थितीत’ आणि ‘त्यांची’ या अगदी किरकोळ वाटणाऱ्या शब्दांवर लटकलेले आहेत. ‘अशा’ म्हणजे कशा, आणि ‘त्यांची’ म्हणजे कोणाची? ‘त्यांची’चा संबंध रंगद्रव्याशी जोडणारी मुले मी दरवर्षी पाहतो, आणि काही जण तर तो नमुन्यांशीही जोडतात. ही मुले वाचनात कच्ची नसतात. प्रत्येक वाक्याचा अर्थ त्यांना सांगता येतो. दोन वाक्यांमधला सांधा मात्र त्यांच्या हातून सुटतो.

म्हणून माझा सल्ला असा, की काही आठवडे प्रश्न पूर्णपणे बाजूला ठेवावेत. वर्तमानपत्रातील एक परिच्छेद घ्यावा आणि त्यातील प्रत्येक सर्वनाम, प्रत्येक ‘असा’, ‘तसा’, ‘यामुळे’, ‘त्याऐवजी’ कोणाकडे बोट दाखवतो हे मुलीला तोंडी विचारावे. नंतर ‘मात्र’, ‘तरीही’, ‘किंबहुना’, ‘अन्यथा’, ‘एवढेच नव्हे तर’ या शब्दांपाशी थांबून पुढच्या वाक्यात काय येईल याचा अंदाज करायला लावावे. ‘मात्र’ आले की लेखक वळण घेतो, ‘किंबहुना’ आले की आधीचेच म्हणणे अधिक जोराने मांडतो. या शब्दांचा अर्थ मुलांना माहीत असतो असे आपण गृहीत धरतो. एखाद्या हुशार मुलाला ‘किंबहुना’ वापरून एक वाक्य करायला सांगा, म्हणजे ते गृहीतक किती डळमळीत आहे ते कळेल.

मराठीची आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा त्याच्यासोबत शेवटीच येतो. “या भागातील विहिरी आटण्याला केवळ अपुरा पाऊसच कारणीभूत आहे असे म्हणता येणार नाही” हे वाक्य घाईने वाचणारा विद्यार्थी ‘कारणीभूत आहे’ येथपर्यंत पोहोचतो आणि पुढे सरकतो. मग ‘सत्य की असत्य’ या कृतीत त्याचे उत्तर नेमके उलटे येते. लांब वाक्याचे शेवटचे चार-पाच शब्द पुन्हा एकदा वाचण्याची सवय लावली तर या चुका झपाट्याने कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

उत्तर: उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षिका

वरील सरांचे विवेचन मला मान्य आहे. त्यात उत्तर लिहिण्याची बाजू जोडावीशी वाटते, कारण समजूनही गुण गमावणारी मुले थोडी नाहीत.

‘चौकटी पूर्ण करा’, ‘ओघतक्ता पूर्ण करा’, ‘आकृतिबंध पूर्ण करा’ अशा कृतींत उत्तराचा आकार दिलेला असतो आणि तो आकार हीच एक सूचना असते. ओघतक्त्यात क्रम अपेक्षित आहे. घटना उताऱ्यात ज्या क्रमाने सांगितल्या त्याच क्रमाने घडलेल्या असतात असे नाही. लोणारच्याच परिच्छेदात रंग बदलल्याचे आधी सांगितले आहे आणि पातळी खालावल्याचे नंतर, पण घडले उलट्या क्रमाने. ‘खालावली होती’ यातील ‘होती’कडे दुर्लक्ष करणारा विद्यार्थी ओघतक्ता चुकवणारच. चौकटीत एक-दोन शब्दांचीच जागा असेल, तर तिथे संपूर्ण वाक्य कोंबण्यात अर्थ नाही.

‘अमुक उत्तर येईल असा प्रश्न तयार करा’ ही कृती आकलनाची सर्वांत चांगली कसोटी आहे असे माझे मत आहे, आणि मुले तिलाच सर्वांत कमी लेखतात. ‘हॅलोआर्किया’ हे उत्तर यायचे असेल, तर “लोणारच्या पाण्यात काय असते?” हा प्रश्न चालणार नाही, त्याचे उत्तर क्षार असेही देता येईल. “कोणत्या गटातील सूक्ष्म जीवांची वाढ झाल्यामुळे लोणार सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले?” असा प्रश्न केला की दुसरे उत्तर संभवतच नाही. घरी सराव करताना आपण मुलीला प्रश्न विचारण्याऐवजी तिलाच परिच्छेदावर प्रश्न काढू द्यावेत आणि त्यांची उत्तरे आपण द्यावीत. अधूनमधून मुद्दाम चुकीचे उत्तर द्यावे. ते चुकीचे का, हे उताऱ्यातील शब्द दाखवून सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर टाकावी. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी आळीपाळीने प्रश्न विचारणे, सारांश सांगणे, अडलेले स्पष्ट करणे आणि पुढचे भाकीत करणे या पद्धतीचा अभ्यास अ‍ॅनमरी पॅलिन्क्सर आणि अ‍ॅन ब्राउन या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला होता. आपल्या वर्गांत विद्यार्थिसंख्या पाहता ती तंतोतंत राबवणे अवघड आहे. घरी एकाच मुलीसोबत ते सहज जमेल.

स्वमताबद्दलही थोडे सांगते. पठित गद्यात स्वमत ३ गुणांचे असते आणि तिथे मुले एक तर उतारा पुन्हा लिहितात, नाही तर उतारा पूर्ण सोडून पाठ केलेला निबंध लिहितात. उताऱ्यातील एखादा मुद्दा उचलून त्याविषयी आपल्याला काय वाटते आणि का वाटते, हे पाच-सहा वाक्यांत लिहिले तर ते पुरेसे असते.

उत्तर: प्राथमिक शिक्षक, नवोदय आणि शिष्यवृत्तीचे मार्गदर्शन करणारे

प्रश्न आधी की उतारा आधी, या वादावर मला बोलायचे आहे, कारण वरील दोन्ही मान्यवरांनी तो बाजूला ठेवला आहे.

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत भाषेच्या विभागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच, असे २० प्रश्न असतात आणि त्यासाठी अर्धा तास मिळतो. तिथे वेळेचा ताण खरोखरच मोठा असतो, तरीही मी मुलांना उतारा आधी वाचायला सांगतो. याचे कारण बहुपर्यायी प्रश्नांत आहे. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे असतात आणि ते विश्वसनीय वाटावेत अशा रीतीने रचलेले असतात. उताऱ्यातील शब्द जसाच्या तसा उचलून चुकीच्या संदर्भात बसवलेला पर्याय हा त्यांतील सर्वांत मोहक असतो. ज्याने आधी प्रश्न वाचले त्याच्या डोक्यात ते तीन खोटे पर्याय घेऊनच उतारा शिरतो. ज्याने उतारा आधी वाचला त्याच्याकडे किमान एक ढोबळ कल्पना असते आणि तिच्याशी न जुळणारा पर्याय त्याला खटकतो.

दहावीच्या कृतिपत्रिकेत बहुतांश उत्तरे लिहायची असल्यामुळे हा धोका कमी आहे, हे मान्य. तिथे मधला मार्ग असा काढता येईल: कृतींवर फक्त ओझरती नजर टाकावी, त्या कशाविषयी आहेत एवढेच पाहावे, नंतर उतारा सलग एकदा न थांबता, हातात पेन न घेता वाचावा आणि मगच कृती नीट वाचून उताऱ्याकडे परतावे. पहिल्याच वाचनात रेघा ओढणाऱ्या मुलांच्या अर्ध्या पानाखाली रेघा असतात आणि त्यातून काहीच वेगळे उठून दिसत नाही.

वेळेचा मुद्दाही यातच येतो. पूर्वी मंडळाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हातात पडत असे. २०२३ च्या परीक्षेपासून ती सोय बंद झाली आणि तेवढी दहा मिनिटे शेवटी वाढवून मिळू लागली. एकूण वेळ तेवढाच असला तरी शांतपणे वाचण्याची ती सक्तीची दहा मिनिटे गेली आणि मुले लगेच लिहायला लागतात. ८० गुणांना तीन तास, म्हणजे एका गुणाला दोन मिनिटांहून थोडे अधिक मिळतात. या हिशेबाने अपठित गद्याला सुमारे नऊ मिनिटे येतात. त्यांतली तीन-चार मिनिटे निव्वळ वाचनाला दिली तरी काही बिघडत नाही.

रोज एक उतारा सोडवून घेण्याविषयी माझे मत थोडे कडक आहे. बाजारातील अपेक्षित प्रश्नसंचातून रोज उतारे सोडवून घेतले आणि मागच्या पानावरील उत्तरांशी ताडून बरोबर-चूक अशा खुणा केल्या, तर तेवढ्याने आकलन वाढत नाही. त्या प्रश्नसंचाची सवय तेवढी होते. आठवड्यातून दोनच उतारे घ्यावेत, पण प्रत्येक चुकीपुढे ती का झाली ते लिहून ठेवावे: शब्द अडला, सर्वनाम चुकले, नकार सुटला, सूचना वाचली नाही, की उताऱ्यात नसलेले स्वतःच्या मनातले लिहिले. महिनाभरात एकच कारण वारंवार दिसू लागते आणि सराव कशाचा करायचा ते आपोआप ठरते.

उत्तर: इंग्रजीचे शिक्षक, सेमी-इंग्रजी शाळा

इंग्रजीविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून हा प्रपंच. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत पाठ्येतर उतारा १० गुणांचा आणि सारांशलेखन ५ गुणांचे असते, म्हणजे न शिकवलेल्या मजकुराला तिथे १५ गुण आहेत. उताऱ्यावरील पाच कृतींमध्ये सोपे तथ्य, गुंतागुंतीचे तथ्य, शब्दसंग्रह, व्याकरण आणि वैयक्तिक प्रतिसाद असा ढाचा असतो. पहिली कृती शब्द शोधून सुटते, दुसरी बहुधा सुटत नाही. आपल्या मुलीचे गुण नेमके कोणत्या कृतीत जातात हे जुन्या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका काढून पाहावे.

मला मात्र मुख्यतः वेगळे काही सांगायचे आहे. वरील चर्चेत तंत्रावर भर आहे आणि तंत्र हवेच. पण विषयाची माहिती नसेल तर तंत्राची मजल फार दूर जात नाही. अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. त्यांनी माध्यमिक वयाच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची समजली गेलेली पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण बेसबॉलविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा पुष्कळच पुढे राहिली. आपल्याकडे क्रिकेटच्या बातमीवर हा प्रयोग कोणत्याही वर्गात करून पाहता येईल. “नाइट वॉचमनने पहिले सत्र खेळून काढले” या वाक्यात एकही कठीण शब्द नाही, पण क्रिकेट न पाहणाऱ्याला रात्रपाळीचा पहारेकरी मैदानात काय करतो असाच प्रश्न पडेल.

अपठित उतारे बहुधा पर्यावरण, आरोग्य, विज्ञान, थोरांची चरित्रे, वाचनसंस्कृती, श्रमप्रतिष्ठा, प्रवास अशा विषयांभोवती फिरतात. या विषयांवर मराठीत भरपूर वाचलेल्या मुलीला इंग्रजी उताराही सोपा जातो, कारण काय सांगितले जात असावे याचा तिला आधीच अंदाज असतो आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ ती संदर्भाने लावू शकते. म्हणून इंग्रजीच्या तयारीसाठी फक्त इंग्रजीच वाचावे, हा आग्रह मला पटत नाही. जैवविविधतेवरचा मराठी लेख आज वाचावा आणि त्याच विषयावरचा छोटा इंग्रजी लेख दोन दिवसांनी वाचावा, ही जोडी लावून पाहावी.

सारांशलेखनासाठी उतारा मिटवून, तो न पाहता, एखाद्या मैत्रिणीला सांगावा तसा मराठीत चार वाक्यांत सांगायला लावावे. मराठीत सांगता आला नाही तर इंग्रजीत लिहिता येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही; मग अडचण भाषेची नसून समजण्याची आहे हे त्याच क्षणी उघड होते.

प्रतिसाद: दहावीतील मुलीची आई, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. लोणारचा परिच्छेद मी आजच मुलीला दिला. तिने कारण म्हणून बाष्पीभवन लिहिले आणि तिथेच थांबली, म्हणजे सरांनी म्हटलेली अर्धी वाट. ‘अशा स्थितीत म्हणजे कशा?’ असे विचारल्यावर तिने पुढचे स्वतःहून सांगितले. आणखी एक शंका आहे. ती मोठ्याने वाचताना बरीच अडखळते आणि जोडाक्षरांपाशी मागे येते. दहावीत मोठ्याने वाचायला लावणे तिला कमीपणाचे वाटते. ते सोडून द्यावे का?

उत्तर: माध्यमिक शाळेतील मराठीचे शिक्षक

सोडू नये. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार वाचनाचे आकलन हा लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. दोहोंतील एक बाजू कमी असेल तर दुसरी कितीही असली तरी गुणाकार लहानच राहतो. अक्षरे उलगडण्यातच लक्ष खर्ची पडत असेल, तर ‘अशा’ आणि ‘त्यांची’ कडे पाहायला ते उरणार कोठून? कमीपणा वाटू नये म्हणून तिला धाकट्या भावंडाला किंवा आजी-आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगावे. श्रोता खरा असला की विरामचिन्हेही पाळली जातात आणि कुठे अर्थ तुटला हे ऐकणाराच सांगतो. एकच मजकूर दोन-तीनदा वाचून घ्यावा, दर वेळी नवा नको.

एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. अडखळणे लहानपणापासूनचे असेल, शुद्धलेखनातही त्याच प्रकारच्या चुका सातत्याने होत असतील आणि ऐकून मात्र सगळे उत्तम समजत असेल, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता तज्ज्ञांकडून पडताळून घेणे योग्य ठरेल. तसे निदान झाल्यास मंडळाकडून जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागते आणि प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून मुख्याध्यापकांशी परीक्षेच्या तोंडावर न बोलता या सत्रातच बोलून घ्यावे.